साळवे बाईंनी पुसलेले प्रश्न

साळवे बाईंना पुसायची सवय होती. तास संपला की त्या फळा पुसत. तास सुरू होण्याआधीही पुसत, कारण आधीच्या सरांनी तो तसाच सोडलेला असे. डस्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ओला फडका ठेवलेला असे. वरून खाली, वरून खाली, एकसारखे पट्टे. फळा वाळेपर्यंत हजेरी, आणि वाळला की संख्याशास्त्र. त्यांच्यानंतर त्याच खोलीत माझा हिशेबशास्त्राचा तास असे. सबंध नोकरीत मला कोरा फळा मिळाला तो फक्त त्यांच्यामागून.

"शिकवून झालं की खोली जशी घेतली तशी परत द्यायची," असं त्या म्हणत. खोली परत कोणाला द्यायची, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

केडगावला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. त्या तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. बाई किडकिडीत, ताठ, चालताना पर्स पोटाशी धरणाऱ्या. यजमान रेल्वेत होते, ते वारल्यानंतर मुलीचं लग्न करून एकट्याच राहत. घरात भिंतीवर बुद्धाचा एक फोटो आणि एक कॅलेंडर, बाकी भिंत मोकळी. वाचून झालेलं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी घरात सापडायचं नाही. माझी बायको म्हणायची, "त्यांच्याकडे बसलं ना, की आपणच जुने झाल्यासारखं वाटतं. चहा संपला की उठावंसं वाटतं."

सोसायटीच्या दारात सूचनांचा एक फळा होता. तारीख उलटलेली सूचना बाईंना सहन होत नसे. येताजाता त्या टाचण्या काढून ती उतरवत, घडी घालत आणि चेअरमनच्या दारात सरकवत. एकदा त्यांनी 'शनिवारी पाणी येणार नाही' ही सूचना रविवारी सकाळी काढली. पाणी रविवारीही आलं नाही. चेअरमन जिन्यात उभे राहून म्हणाले, "बाई, सूचना काढली म्हणून पाणी येत नसतं!"

बाई म्हणाल्या, "मग रविवारची नवी लावा. शनिवारची कशाला खोटं बोलत ठेवायची?"

चेअरमननी नवी लावली. सोमवारी बाईंनी तीही काढली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कॉलेजात फोनच्या तारेला जोडलेला मोडेम आला होता आणि तो चालू झाला की ऑफिसचा फोन बंद पडे. त्याच सुमारास विद्यापीठानं प्राथमिक शिक्षकांसाठी संख्याशास्त्राचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला, तोही संगणकावरून. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर अभ्यासक्रमाचं एक पान राहणार, पाठ त्यावर चढवायचे, आणि शिक्षकांनी आपापल्या जवळच्या केंद्रावर रविवारी जाऊन ते वाचायचे. आमच्या जिल्ह्यात नगर, शिर्डी, संगमनेर आणि पाथर्डी अशी चार केंद्रं होती. केंद्र म्हणजे खाजगी संगणक क्लासची एक खोली. शिकवायला साळवे बाई नेमल्या गेल्या. संगणक त्यांनी त्याआधी फक्त झाकलेला पाहिला होता.

त्यांना तो शिकवला पठाणभाईंनी. ते आमच्या संगणक प्रयोगशाळेचे प्रमुख, बाईंच्याच वयाचे, हौशी गृहस्थ. त्यांनी पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक फिरती पृथ्वी बसवली. बाईंनी ती काढायला लावली.

"मॅडम, सगळे बसवतात. पान जिवंत दिसतं," पठाणभाई म्हणाले.

"पृथ्वी फिरते हे त्यांना माहीत आहे. तेच मुलांना शिकवतात ते."

मग पानावर उरलं ते एवढंच: पाठ, सूचना आणि प्रश्न. फोनची लाइन पाथर्डीपर्यंत टिकत नसे आणि इतर केंद्रांवरही सारखी तुटे, म्हणून सगळीकडे पानाची प्रत फ्लॉपीवर घालून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायची. अक्षरांचा मराठी फॉन्ट केंद्रावर नसला तर पडद्यावर नुसते किडे-मुंग्या दिसत, म्हणून तोही फ्लॉपीत जाई. परत येताना फ्लॉपीबरोबर शिक्षकांच्या चिठ्ठ्या येत. चिठ्ठीतला प्रश्न बाई जशाचा तसा टाइप करत, खाली उत्तर लिहीत, चिठ्ठी फाडून टाकत. प्रश्नाखाली नाव घालत नसत, फक्त केंद्र. 'पाथर्डी केंद्र, एक शिक्षिका' असं. आकडेमोड असली की उत्तर मला तपासायला देत, त्यामुळे हे प्रश्न मी वाचत असे.

आणि काय एकेक प्रश्न असत! 'आमच्या वर्गाची सरासरी बेचाळीस आली. बेचाळीस मार्क एकाही पोराला नाहीत. मग ही सरासरी कोणाची?' कोणी विचारी, 'परीक्षेला आलाच नाही त्याला शून्य धरायचं का? शून्य धरलं तर वर्ग नापास दिसतो, सोडलं तर खोटं वाटतं.' कॉलेजात मी इतकी वर्षं शिकवत होतो, पण असा प्रश्न माझ्या वर्गात कोणी हात वर करून विचारला नव्हता. पानावर नाव येणार नसतं तेव्हा माणूस मोकळं विचारतो, असं मी बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "प्रश्न चांगले आहेत, पण पान फार अस्ताव्यस्त होतंय."

ते होतंच. प्रश्न आले त्या क्रमानं साठत गेले होते. एकच शंका तीन जणांनी तीन तऱ्हांनी विचारलेली, मध्येच परीक्षेच्या फॉर्मची चौकशी, मध्येच पाथर्डीत वीज नव्हती त्याची तक्रार.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. बहुतेक सगळे पास झाले. शिकवणं संपलं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाई पान आवरायला बसल्या. दुसरं कोणी असतं तर दार ओढून घेऊन घरी गेलं असतं. बाई रोज सकाळी पठाणभाईंकडून किल्ली घेत आणि दुपारपर्यंत प्रयोगशाळेत बसत. आधी सगळ्या जुन्या सूचना काढल्या. 'मागच्या पाठात चूक झाली, ती अशी वाचावी' अशा दुरुस्त्या त्या त्या पाठात नेऊन बसवल्या. पाठांना नवे क्रमांक दिले. मग त्या प्रश्नांच्या पानाकडे वळल्या. प्रत्येक उत्तर उचलून ज्या पाठात शोभेल तिथे लावलं, वाक्यं सांधली, दोनदा आलेलं एकदाच ठेवलं. अशी सगळी उत्तरं पाठांत गेल्यावर प्रश्नांचं पान रिकामं उरलं. ते त्यांनी काढून टाकलं.

मग स्वच्छ पान विद्यापीठात चढवलं. चारही केंद्रांना फ्लॉपी पाठवल्या, त्यासोबत टाइप केलेली सूचना: 'जुनी प्रत संपूर्ण पुसावी व मगच नवीन प्रत घालावी.' खाली सही. शिर्डी आणि संगमनेरला फोन करून पुसल्याची खात्रीही करून घेतली.

मला त्यांनी मुद्दाम पाहायला बोलावलं. मी पाहिलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पाठ्यपुस्तकासारखं झालं होतं.

जूनमध्ये, कॉलेज सुरू झाल्यावर एका रविवारी, मी त्यांच्याकडे काही आकडे तपासून द्यायला खाली गेलो होतो. दारात एक बाई आल्या. चाळिशीच्या, पायात धुळीनं भरलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. पाथर्डीकडच्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या मंदाताई. एप्रिलच्या परीक्षेच्या आठवड्यात त्यांच्या मुलीला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा होती. ती एकदाच होणार, पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार होता. मुख्याध्यापक करायच्या शिक्षकांची यादी त्या वर्षी होत होती, आणि या प्रमाणपत्राशिवाय मंदाताईंचं नाव तीत येणार नव्हतं. हे सगळं त्यांनी पाणी प्यायच्या आत सांगितलं.

"म्याडम, मागच्या रविवारी शेंटरवर पान उगडलं. समदं लई चकाचक झालंय. पर आमचं प्रश्न कुटं गेलं?"

"ते काढले," बाई म्हणाल्या. "उत्तरं सगळी पाठांत घातलीत. एकही गेलेलं नाही. आता शोधायला सोपं आहे."

"उत्तरं हायती वो. पर त्यातलं माजं कंचं, ते मला कळंना."

"तुमचं म्हणजे?"

"म्हंजी मी अडले कुटं हुते त्ये मला दिसंना. पाठ वाचते, समदं बराबर वाटतं. पेपर काडला की काईच येत न्हाई. त्या प्रश्नांचं तसं न्हवतं. माज्यासारकंच कुनी इचारल्यालं असायचं, त्येच्या खाली उत्तर. आमी चौगीजनी तेच वाचायचो, पाठ कुनी वाचतंय!"

बाईंनी कपाळावर बोट टेकलं. पाठ त्यांनी रात्रंदिवस खपून लिहिले होते.

"मंदाताई, त्या प्रश्नांत चुका होत्या," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट तिघांनी विचारलेली."

"तिगांनी इचारली म्हनून तर धीर आला मला! न्हाई तर वाटलं आसतं मीच येडी."

बाई उठून चहा ठेवायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मंदाताई मला हळूच म्हणाल्या, "मी जादा बोलले का वो सर?"

चहा झाल्यावर बाईंनी त्यांना एक पाठ समजावून सांगितला, बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाल्या, "जाधव सर, मी फळा पुसला तो वर्ग सुटायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पठाणभाईंना गाठलं. जुनी प्रत कुठे आहे का?

"मॅडम, तुम्हीच सांगितलं, जागा अडवून ठेवू नका. पुसली. पुसलेल्याची टोपलीही रिकामी केली."

"आणि फ्लॉपी?"

"त्याच फ्लॉपीवर नवं घातलं."

विद्यापीठात फोन केला. तिकडे नवं चढलं की जुनं आपोआप जाई. नगर, शिर्डी, संगमनेर, पाथर्डी: चारही केंद्रांनी अभिमानानं सांगितलं, तुमच्या सूचनेप्रमाणे संपूर्ण पुसलं. सरकारी कामात एखादी सूचना इतकी तंतोतंत पाळली गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. चिठ्ठ्या तर फाडलेल्याच होत्या.

मला वाटलं, आता बाई नवे प्रश्न स्वतः लिहितील. इतकी वर्षं शिकवलेलं, त्यांना काय अवघड? मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "मी लिहिलेला प्रश्न म्हणजे माझंच उत्तर उलटं फिरवलेलं. ज्यांनी विचारले त्यांच्याकडूनच आणावे लागतील."

आणि त्या आणायला निघाल्या. बाईंना एसटी लागत असे. केडगावहून कॉलेजपर्यंतसुद्धा त्या खिडकीशी, तोंडावर रुमाल धरून येत. आता त्या रविवारमागून रविवार संगमनेर, पाथर्डी, शिर्डी असं फिरू लागल्या. माझ्या बायकोनं मला बजावलं, "अहो, तुम्ही जा बरोबर. कुठे चक्कर येऊन पडतील." मी दोन खेपांना गेलो.

शिर्डीची खेप मला नीट आठवते. तिथले एक गुरुजी सुट्टीच्या दिवशी घरच्या फुलांच्या दुकानात बसत. गर्दी रेटत आम्ही तिथे पोचलो तर गुरुजी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून झेंडूचे हार ओवत होते. बाईंना पाहून ते दोऱ्यासकट उभे राहायला लागले.

"बसा, बसा. तुम्ही मला मध्यकाबद्दल एक प्रश्न विचारला होता. तो काय होता?"

गुरुजींनी इकडे तिकडे पाहिलं. दुकानात त्यांचे थोरले भाऊ होते. "मॅडम, तो? तो विसरून जा."

"विसरलेच आहे. पाठांतलं उत्तर आठवतंय, प्रश्न आठवत नाही. म्हणून तर आले."

गुरुजी खाली मान घालून ओवू लागले. "पुस्तकात लिहिलं होतं, चढत्या क्रमानं लावा आणि मधला घ्या. मी पोरांना पटांगणात उंचीप्रमाणे उभं केलं. मधला पोरगा धरला. हेडमास्तर आले, म्हणाले कवायतीचा तास आहे का? मी म्हणालो, संख्याशास्त्राचा. मग मी तुम्हाला विचारलं, की पोरं खरोखर उभी करायची का कागदावर चालतं?"

थोरले भाऊ पोट धरून हसले. "आन् मधला कोण निघाला?"

"तुझाच गण्या."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि फुलांच्या टोपलीच्या कडेवर ठेवून गुरुजींचं बोलणं उतरून घेतलं, कवायतीच्या तासासकट. "आणि हे ठेवलं पानावर, तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"नाव नका घालू म्हणजे झालं."

"नाव आधीही नव्हतं."

एक गोष्ट त्या फेऱ्यांत लक्षात आली. उत्तर कोणालाच धड आठवत नव्हतं, पण आपला प्रश्न प्रत्येकाला आठवत होता. चिठ्ठी लिहिताना किती वेळ पेन हातात धरून बसलो, हेही आठवत होतं.

पाथर्डीला मंदाताई केंद्रावर आल्या होत्या. बाईंनी त्यांचा प्रश्न अंदाजानं आधीच टाइप करून आणला होता, फ्लॉपी घालून तो पडद्यावर दाखवला: 'प्रमाण विचलन काढताना प्रथम वर्ग व नंतर वर्गमूळ घेण्याचे प्रयोजन काय?'

मंदाताईंनी वाचलं. "ह्ये कुनी इचारलं?"

"तुम्हीच."

"मी? मी आसं बोलले तर शाळंतली पोरं पळून जातील म्याडम."

क्लासचे मालक, मी, सगळेच हसलो. या वेळी बाईही हसल्या. म्हणाल्या, "मग कसं विचारलं होतं?"

"मी लिवलं हुतं, आदी वर्ग करायचा, मंग मूळ काडायचं. म्हंजी स्वेटर इनायचा आन् उसवायचा. मंग इनायचा कशाला?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. आधीचं वाक्य एक एक अक्षर मागे जात पुसलं आणि हे टाइप केलं, जसं ऐकलं तसं. फक्त शब्द पुस्तकी वळणानं लिहिले, तेवढी सूट मंदाताईंनी दिली. मग त्यांनी तिथेच उत्तर सांगितलं. मार्क सरासरीपासून किती पसरलेत ते मोजायचं, तर सरासरीपेक्षा कमी मार्कांचे फरक वजा येतात, जास्तीचे अधिक येतात, आणि बेरीज केली तर एकमेकांना खाऊन शून्य उरतं. वर्ग केला की वजा उरत नाही. पण वर्गानं आकडा फुगतो, तो पुन्हा मार्कांच्या मापात आणायला मूळ. "स्वेटर उसवला नाही मंदाताई. उलटा विणला होता, तो सुलट केला."

"आसं सरळ पाठात का न्हाई लिवत?" मंदाताई म्हणाल्या.

बाईंनी तेही लिहिलं.

जुलै संपेपर्यंत प्रश्नांचं पान पुन्हा उभं राहिलं. पहिल्यासारखंच अस्ताव्यस्त. एकच शंका तीनदा होती ती तीनदाच ठेवली. पठाणभाईंनी, बाईंचा नूर पाहून, पृथ्वीबद्दल पुन्हा विचारून बघितलं. ती मिळाली नाही. काही शिक्षकांची बदली झाली होती, ते सापडले नाहीत. ते प्रश्न आलेच नाहीत. त्या जागी पानाच्या शेवटी बाईंनी एक ओळ घातली: 'येथे आणखी प्रश्न होते. ते माझ्या हातून पुसले गेले. ज्यांना आठवतील त्यांनी कळवावे.' विद्यापीठाच्या पानावर असं लिहिणं बरं दिसतं का, असं मी विचारलं. "खरं आहे ते," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

ऑगस्टमध्ये मंदाताई नगरला परीक्षा देऊन गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. एक प्रश्न सुटला नव्हता आणि एकाचं उत्तर खोडून पुन्हा लिहिलं होतं. त्यानंतर महिनाभर बाई रोज सकाळी विद्यापीठाचं पान उघडून निकाल लागला का ते पाहत. मोडेम लागला की ऑफिसचे हेडक्लार्क ओरडत, "बाई, फोन गेला!" बाई तिकडे लक्ष देत नसत.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाई नोकरी सोडून मुलीकडे राहायला गेल्या. सामान इतकं कमी होतं की टेम्पो अर्धा रिकामा गेला, असं माझी बायको सांगते. मी गावाला होतो, मला निरोप द्यायला मिळालं नाही. त्यामुळे डोळ्यांपुढे राहिल्या आहेत त्या प्रयोगशाळेतल्या, निकालाच्या दिवशीच्या.

त्या दिवशी मंदाताई स्वतःच आल्या होत्या. पाथर्डीला लाइन नव्हती, म्हणून पहिल्या एसटीनं नगरला. पान उघडायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. वरून एक एक ओळ उतरत होती. मंदाताईंचा क्रमांक आला. पुढे 'उत्तीर्ण' होतं, द्वितीय श्रेणी. मंदाताईंनी क्रमांकावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला, आणि मग खुर्ची नव्हती म्हणून मोडेमच्या खोक्यावरच बसल्या. पठाणभाई म्हणाले, "ताई, त्यावर नको." पण उठवलं नाही.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आता शिकवणं संपलं. विद्यापीठाचं पत्र आलंय, नवा अभ्यासक्रम येतोय, पण जुनं पान ठेवायला त्यांची हरकत नाही. तुमचा प्रश्न काढायचा असेल तर सांगा. उद्या मुख्याध्यापक व्हाल. कोणी ओळखलं तर बरं दिसायचं नाही."

मंदाताईंनी विचार केला. "काडू नका. पर त्येच्या खाली एक लिवा."

"काय?"

"इचारनारी पास झाली, म्हनून लिवा. म्हंजी पुडं वाचनारीला बरं वाटंल."

"ते अभ्यासक्रमात बसत नाही, मंदाताई."

"न्हाई बसत. तरी लिवा."

मला तासाला जायचं होतं. दारातून मागे पाहिलं तेव्हा बाईंनी चष्मा वर सरकवला होता आणि दोन बोटांनी अक्षरं शोधत होत्या. मंदाताई खांद्यामागून सांगत होत्या. ओळ पुरी झाली. बाईंनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले, आणि पडद्याकडे पाहत तशाच बसून राहिल्या. ओळ वरच्या ओळींच्या रांगेत नव्हती, थोडी उजवीकडे सरकली होती. बाईंनी ती तशीच राहू दिली.